अद्भुतकथा आणि सन्मान: प्रतिष्ठानपासून उदगीरपर्यंत

एप्रिल २०२२ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे ९५वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद भारत सासणे यांनी भूषविले, ही घटना मराठी वाङ्मयाच्या इतिहासात वरवर दिसते त्याहून अधिक महत्त्वाची आहे. सासणे हे जालन्यात जन्मलेले कथाकार असून स्वप्न, भास, नियती आणि गूढ यांच्या सीमेवर वावरणारी दीर्घकथा ही त्यांची ओळख आहे. आणि त्यांच्या आधीच्या, डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला भरलेल्या ९४व्या संमेलनाचे अध्यक्ष होते विज्ञानकथाकार आणि खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर. ज्या कथांना मराठी समीक्षेने दीर्घकाळ करमणुकीच्या दालनात बसवून ठेवले, त्या कथांशी नाते असलेल्या दोन लेखकांना लागोपाठच्या दोन संमेलनांत सर्वोच्च आसन मिळाले. हे कसे घडले आणि घडायला इतका काळ का लागला, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मराठवाड्याची भूमी पुन्हा पुन्हा वाटेत येते.

येथे 'अद्भुतकथा' ही संज्ञा व्यापक अर्थाने घेतली आहे. ज्या कथेतील जग नित्याच्या जगाचे नियम जसेच्या तसे मानत नाही, पण स्वतःचे नियम ठरवून घेते आणि ते काटेकोरपणे पाळते, ती अद्भुतकथा होय. मंत्र, वेताळ आणि मायावी नगरे यांची अद्भुतरम्य कादंबरी, अज्ञाताचे भय जागवणारी गूढकथा व भयकथा आणि विज्ञानातील शक्यतेचा धागा पुढे नेणारी विज्ञानकथा ही सर्व तिचीच कुळे आहेत. या कथांना वाचकांनी कधीही अंतर दिले नाही, हे मराठीतील गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या मुद्रित साहित्यावरून स्पष्ट दिसते. अंतर दिले ते मानसन्मान वाटणाऱ्यांनी, आणि तेही बहुधा पुस्तक वाचून नव्हे, तर ते कोणत्या जातकुळीचे आहे एवढे पाहून. वाचण्याआधीच ठरलेला निकाल ही अद्भुतकथेच्या इतिहासातील सर्वांत जुनी तक्रार असून तिची पहिली नोंद मराठवाड्यातील एका राजधानीच्या नावावर आहे.

प्रतिष्ठानच्या दरबारातील नकार

प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण, सातवाहन राजांची गोदाकाठची राजधानी. याच दरबारात गुणाढ्य नावाचा पंडित मंत्री होता आणि त्याने पैशाची नावाच्या प्राकृत भाषेत 'बृहत्कथा' रचली, अशी परंपरा काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात संस्कृतात लिहिलेल्या 'कथासरित्सागरा'त सांगितली आहे. मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही आणि गुणाढ्याविषयीची हकीकत ही दंतकथाच आहे. तरीही ग्रंथाचा सन्मान कसा नाकारला जातो याचे इतके नेमके चित्र भारतीय साहित्यात क्वचितच आढळते.

हकीकत अशी की राजाला संस्कृत व्याकरण शिकविण्यास आपल्याला सहा वर्षे लागतील असे गुणाढ्याने सांगितले, तर शर्ववर्मा नावाच्या दुसऱ्या पंडिताने सहा महिन्यांची हमी दिली. ते साधले तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडून देईन, अशी पैज गुणाढ्याने लावली आणि तो ती हरला. भाषा सुटल्यामुळे मौन धरून तो विंध्याच्या अरण्यात गेला, तेथे पिशाचांची भाषा शिकला, काणभूती नावाच्या पिशाचाच्या तोंडून विद्याधरांच्या कथा ऐकल्या आणि सात वर्षांत सात लाख श्लोकांचा ग्रंथ शाईअभावी स्वतःच्या रक्ताने लिहून काढला. शिष्यांनी तो ग्रंथ सातवाहन राजाकडे नेला, तेव्हा राजाने ग्रंथात काय आहे हे पाहिले नाही. भाषा पिशाचांची आणि अक्षरे रक्ताची, एवढ्यावरून त्याने तो धिक्कारला. मग गुणाढ्याने डोंगरावर अग्निकुंड पेटविले, एकेक पान मोठ्याने वाचले आणि आगीत टाकले. आणि अरण्यातील पशू चरणे सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभे राहिले. मुदपाकखान्यात येणारे मांस कोरडे व निःसत्त्व का झाले याचा शोध घेत राजा अखेर तेथे पोचला, तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते आणि नरवाहनदत्ताच्या कथेचे एक लाख श्लोक तेवढे उरले होते.

या दंतकथेत दोन परीक्षक आहेत. एकाने ग्रंथाचे कुळ पाहिले आणि दुसऱ्याने, म्हणजे अरण्यातील श्रोत्यांनी, ग्रंथ ऐकला. अद्भुतकथेच्या पुढील इतिहासात हे दोन्ही परीक्षक पुन्हा पुन्हा भेटतात, आणि त्यांच्यातील अंतर हाच या इतिहासाचा खरा विषय आहे.

मुक्तामाला ते करमणूक

मराठी मुद्रणाच्या आरंभकाळातील गद्यावर याच कथापरंपरेचा ठसा आहे. बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनरी छापखान्यातून १८१४ साली 'सिंहासनबत्तिशी' मराठीत आली, सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 'वेताळपंचविशी' मराठीत आणली आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' या नावाने अरबी कथांचे भाषांतर हाती घेतले, जे पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकर व हरि कृष्ण दामले यांनी पूर्ण केले. शाळेसाठी, शासकीय सेवेतील गोऱ्या अधिकाऱ्यांना भाषा शिकविण्यासाठी किंवा निव्वळ रंजनासाठी, कारण कोणतेही असो, मराठी वाचक छापील गद्य वाचायला शिकला तो बऱ्याच अंशी वेताळाच्या आणि जिनांच्या संगतीत.

स्वतंत्र कादंबरी आली तीही याच वाटेने. बाबा पद्मनजींचे विधवांच्या स्थितीचे चित्रण करणारे 'यमुनापर्यटन' १८५७ मध्ये प्रसिद्ध झाले असले, तरी वाचकांच्या मनाची पकड घेतली ती लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांच्या 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी. रिसबूडांनी प्रस्तावनेत आपल्या निवडीचे समर्थन केले आहे आणि ते आजही विचारात घेण्याजोगे आहे. बालपणीच विवाह उरकणाऱ्या आणि रूढींनी आखून दिलेल्या तत्कालीन जीवनात कादंबरीला लागणारे चित्तवेधक असे काही घडतच नाही, तेव्हा लेखकाला अद्भुताकडे वळणे भाग आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. म्हणजे अद्भुत ही या लेखकांच्या दृष्टीने वास्तवापासूनची पळवाट नव्हती. वास्तवाने जे नाकारले होते, विशेषतः स्त्री-पुरुषांना एकमेकांची निवड करण्याचे स्वातंत्र्य, ते मांडून पाहण्याची ती एकमेव मोकळी जागा होती.

मान देणाऱ्या संस्थांचे लक्ष मात्र अन्यत्र होते. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्याकडे वळवावा, असा आग्रह लोकहितवादींसारख्या सुधारकांनी धरला आणि त्यातून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर 'दक्षिणा प्राइज' ही योजना उभी राहिली. आधुनिक मराठीतील संस्थात्मक ग्रंथपुरस्काराचा हा आरंभ होय, आणि त्यामागील प्रेरणा स्वाभाविकपणेच उपयुक्त ज्ञानाची होती. १८७२ मध्ये काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' लिहून या नव्या प्रकारांची तात्त्विक चर्चा सुरू केली. पुढे १९०२ मध्ये वि. का. राजवाडे यांनी 'कादंबरी' या निबंधात अद्भुत आणि वास्तव या दोन प्रवृत्तींचा युरोपीय साहित्याच्या संदर्भात विचार मांडला. दरम्यान हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' पत्र सुरू केले आणि 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. एका विधवेची आत्मकथा सांगणाऱ्या या कादंबरीची गुणवत्ता इतकी निर्विवाद होती की त्यानंतर गंभीर कादंबरी म्हणजे वास्तवाचे चित्रण हे समीकरण मराठीत रुजले, आणि एका थोर कादंबरीचे यश हाच सर्व कादंबऱ्यांचा निकष होऊन बसला.

तरीही अद्भुताचा ओघ आटला नाही. रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्यांची भाषांतरे व रूपांतरे मराठीत वाचली जात होती. कोचीनहून निघणाऱ्या 'केरळ कोकिळ' मासिकात १९०० पासून ज्यूल व्हर्नची 'चंद्रलोकची सफर' येऊ लागली. आणि नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अद्भुतरम्य कादंबरीला पुन्हा मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. समीक्षकांच्या लेखी जो प्रवाह संपला होता, तो वाचनालयांच्या देवघेवीत वाहतच होता.

निजामाच्या राज्यातील वाचक

या काळात आजचे नांदेड आणि लातूर मुंबई इलाख्यात नव्हते, हे लक्षात घेतल्याशिवाय मराठवाड्यातील वाचनाचा इतिहास समजत नाही. नांदेड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील एक जिल्हा होता आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत होते. लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. कारभाराची भाषा उर्दू होती, १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू होते, आणि पुण्या-मुंबईच्या पारितोषिकांचे, मासिकांचे व क्रमिक पुस्तकांचे जग या प्रदेशापासून राजकीय सीमेने तोडलेले होते.

या परिस्थितीने मराठवाड्यातील सुशिक्षित वाचकाचे नुकसान केले, पण त्याच्यासमोर अद्भुताचे एक वेगळे दालनही उघडे ठेवले. उर्दूत 'दास्तान' नावाचा कथाप्रकार होता. दास्तान म्हणजे रात्रीमागून रात्री सांगितली जाणारी, एका कथेतून दुसरी फुटत जाणारी वीरकथा, आणि तिच्यातील 'तिलिस्म' म्हणजे जादूगाराने रचलेले, आपलेच कायदे असलेले बंदिस्त मायावी जग. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे खंड छापायला सुरुवात केली आणि अमीर हमजाच्या दास्तानीची एकूण मालिका ४६ खंडांपर्यंत गेली. दक्षिणेत गोवळकोंड्याच्या दरबारी मुल्ला वजहीने १६३५ मध्येच 'सबरस' ही रूपकात्मक अद्भुतकथा दखनी गद्यात लिहिली होती. ज्या प्रदेशात मराठी बोलणारी मुले उर्दूतून शिकत होती, तेथे गुणाढ्याची परंपरा आणि हमजाची परंपरा एकाच वाचकाच्या आवाक्यात होत्या. मराठी समीक्षेने अद्भुताचा विचार करताना या शेजाराची दखल फारशी घेतली नाही, ही तिची मोठी उणीव होय.

मराठी ग्रंथांची आस मात्र संस्थानात दडपणाखाली जगत होती. हैदराबाद शहरात १९२२ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले आणि १९३१ मध्ये तेथेच श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले. पण 'गश्ती नंबर ५३' या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या फर्मानाने सभा-संमेलनांवर पूर्वपरवानगीचे बंधन घातले होते. राजकीय व्यासपीठ नसलेल्या समाजात वाचनालय हेच एकत्र येण्याचे ठिकाण बनले, आणि त्यामुळे वाचनाकडे पाहण्याची दृष्टीही बदलली. पुस्तक हे जागृतीचे साधन आहे, ही भावना संस्थानातील स्वातंत्र्यलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पिढीने मनोमन जपली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, त्यानंतर शाळा-महाविद्यालये उभी राहिली, नांदेडमध्ये १९५० मध्ये पीपल्स कॉलेज सुरू झाले, आणि १९५५ मध्ये हैदराबाद राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाही झाला. स्वातंत्र्यासाठी वाचलेल्या या प्रदेशाने आता समाज समजून घेण्यासाठी वाचायचे ठरविले होते, आणि अशा वातावरणात केवळ रंजनासाठी वाचणे मागे पडणे अपरिहार्य होते.

नांदेडची कसोटी

या वातावरणातून नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) घडले. पीपल्स कॉलेजात अध्यापक व पुढे प्राचार्य राहिलेल्या कुरुंदकरांनी नांदेड सोडले नाही, आणि महाराष्ट्रातील विचारवंतांना नांदेडकडे पाहायला लावले. कट्टर बुद्धिवादी असूनही त्यांनी महाभारताचा हयातभर अभ्यास केला आणि त्यातील व्यक्तिरेखांची चिकित्सा भक्तीने नव्हे, तर संहितेच्या आधाराने केली. मराठी कादंबरीच्या वाटचालीचा शोध घेणारे त्यांचे 'धार आणि काठ' १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी, रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला प्रस्तावना म्हणून जोडलेल्या त्यांच्या प्रदीर्घ पत्राने एक अपूर्व गोष्ट केली होती: एका लोकप्रिय कादंबरीच्या विषयाची चर्चा त्यांनी इतिहासाच्या साधनांसह, जणू विद्वत्सभेत करावी तशी केली होती.

लोकप्रिय साहित्याला हीन न लेखता त्याच्याकडे पूर्ण गांभीर्याने पाहणे, ही कुरुंदकरांची देणगी आहे. परंतु त्यांच्या पिढीची मुख्य कसोटी सत्याची होती, इतिहासाच्या वा समाजाच्या सत्याची, आणि अद्भुतकथेला आवश्यक असलेली दुसरी कसोटी, म्हणजे कल्पित जगाच्या अंतर्गत सुसंगतीची, त्या काळात मराठीत विकसित झाली नाही. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात अध्यापन केलेले भालचंद्र नेमाडे यांनी पुढे मराठी कादंबरीच्या तीन मूळ धारा सांगितल्या: 'यमुनापर्यटन'ची वास्तवाची, 'मुक्तामाला'ची रंजनाची आणि १८७१ च्या 'मोचनगड'ची ऐतिहासिक. ही मांडणी प्रभावी ठरली आणि तिच्यात 'यमुनापर्यटन'ची धारा श्रेयस्कर ठरली, तेव्हा 'मुक्तामाला'च्या वंशातील प्रत्येक कृतीला जन्मतःच उणेपणा चिकटला.

मराठवाड्याच्या बाबतीत या वास्तवनिष्ठेला भक्कम कारणे होती, हे नाकारता येणार नाही. दुष्काळ, कोरडवाहू शेती, जातीची उतरंड, गावगाड्याची मोडतोड यांतून लातूर जिल्ह्यातील काटगावच्या रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१) यांसारखी कादंबरी जन्मली. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने तर वास्तव हेच कल्पनेपेक्षा भयंकर असू शकते हे दाखविले. अशा भूमीतील लेखकाने वेताळ बाजूला ठेवून माणसाचे हाल लिहिले, यात त्याचे शहाणपण आणि धैर्य दोन्ही आहेत. दोष त्या लेखकांचा नाही. एका प्रकारच्या साहित्याची अस्सल कसोटी दुसऱ्या प्रकारच्या साहित्यावर, त्याची प्रकृती न तपासता लादली गेली, हा दोष समीक्षेचा आणि पुरस्कारव्यवस्थेचा आहे.

टोपणनावाने मिळालेले बक्षीस

या व्यवस्थेला छेद देणारी घटना १९७४ मध्ये घडली. १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घेत असे. त्या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' नावाची कथा नारायण विनायक जगताप या नावाने आली. कृष्णविवर म्हणजे ज्याच्या गुरुत्वाकर्षणातून प्रकाशही सुटू शकत नाही अशी खगोलीय वस्तू. त्या काळी मराठी वाचकाला ती जवळजवळ अपरिचितच होती. कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मग उलगडले की लेखक जयंत विष्णु नारळीकर आहेत. परीक्षकांवर आपल्या नावाचे दडपण येऊ नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून टोपणनाव घेतले होते, आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगला यांच्याकडून लिहवून घेतली होती. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी आपल्या भाषणात या नव्या प्रकाराची आवर्जून दखल घेतली.

पुरस्कारांच्या इतिहासात या प्रसंगाचे मोल वेगळे आहे. परीक्षकांपुढे नाव नव्हते, प्रतिष्ठा नव्हती. कथा तेवढी होती आणि तिचा प्रकार त्या स्पर्धेत आधीच मान्य होता. 'हा प्रकार साहित्य आहे काय' हा प्रश्न बाजूला पडला आणि 'ही कथा चांगली आहे काय' हा योग्य प्रश्न उरला. प्रकारासाठी स्वतंत्र स्पर्धा असण्याचा हाच मुख्य लाभ असतो. नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी' या संग्रहाला पुढे राज्य पुरस्कारही मिळाला. परंतु साहित्य अकादमीने २०१४ मध्ये त्यांचा गौरव केला तो 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रासाठी, विज्ञानकथेसाठी नव्हे, आणि राष्ट्रीय पातळीवरील निकष तोवर किती थोडे बदलले होते याचे ते द्योतक आहे. 'ययाति'ला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि १९७४ चे ज्ञानपीठ मिळाले खरे, पण वि. स. खांडेकरांनी पुराणकथेला दिलेला नैतिक आशय त्यामागे होता. आणि स्वप्नवत, दृष्टांतासारख्या कथा लिहिणारे जी. ए. कुलकर्णी 'काजळमाया'साठी मिळालेला अकादमी पुरस्कार प्रकाशनवर्षाच्या वादानंतर परत करून मोकळे झाले.

दरम्यान वाचकांचे स्वतःचे जग भरभरून चालले होते. अनंत अंतरकरांचे 'नवल' मासिक आणि 'धनंजय'सारखे दिवाळी अंक गूढ, भय आणि विज्ञान यांच्या कथांना हक्काची जागा देत होते. नारायण धारपांचे 'समर्थ' आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा घराघरांत पोचल्या होत्या. लक्ष्मण लोंढे यांची 'दुसरा आइन्स्टाइन' ही कथा जेम्स गन या अमेरिकी अभ्यासकाने संपादित केलेल्या जागतिक विज्ञानकथांच्या संग्रहात इंग्रजीतून समाविष्ट झाली. तेथे, म्हणजे अमेरिकेत, या प्रकारांनी आपली स्वतंत्र सन्मानव्यवस्था उभारली होती. १९५३ पासून दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सदस्य, म्हणजे प्रामुख्याने वाचक, मतदानाने ठरवितात. नेब्युला पुरस्कार लेखकांची संघटना देते. आणि १९७५ पासूनचा जागतिक अद्भुतकथा पुरस्कार मुख्यतः परीक्षक मंडळ ठरविते. या पुरस्कारांवर वाद झाले, गटबाजीचे आरोप झाले, तरीही वाचक, सहलेखक आणि जाणकार या तिघांनाही निकाल देण्याचा अधिकार असल्यामुळे एका कसोटीची मक्तेदारी तेथे टिकली नाही. मराठीत वाचकाला हा अधिकार वाचनालयाच्या देवघेवीपुरताच राहिला.

उदगीर आणि त्यानंतर

मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू यांच्या संगमावर वसलेल्या उदगीरमध्ये सासणे अध्यक्षस्थानी बसले, त्याला या पार्श्वभूमीवर अर्थ येतो. 'जॉन आणि अंजिरी पक्षी'सारख्या संग्रहांतून त्यांनी हे दाखवून दिले होते की अद्भुत हे माणसाच्या मनातील भय, अपराध आणि तळमळ यांचे स्वरूप असू शकते. त्यासाठी वास्तव सोडावे लागत नाही, ते अधिक खोल उकरावे लागते. दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांच्या 'समशेर आणि भूतबंगला' या कादंबरीला मिळाला, आणि २०२५ चा हाच पुरस्कार नांदेडचे सुरेश सावंत यांच्या 'आभाळमाया' या कवितासंग्रहाला मिळून मराठवाड्याचा मान वाढला. भूतबंगल्याला राष्ट्रीय सन्मान मिळाला, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण तो बालसाहित्याच्या दारातून आला, हेही तितकेच बोलके आहे. मुलांनी अद्भुत वाचावे आणि मोठे झाल्यावर ते सोडून द्यावे, हा जुना समज पुरस्कारांच्या वर्गवारीत अजून टिकून आहे.

राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांची रचना पाहिली म्हणजे हे ध्यानात येते. कादंबरीचा पुरस्कार हरि नारायण आपटे यांच्या नावाने आहे, लघुकथेचा हैदराबादेत वकिली केलेल्या दिवाकर कृष्णांच्या नावाने, भाषाशास्त्र व व्याकरणाचा नरहर कुरुंदकरांच्या नावाने. विनोद, ललित गद्य, आत्मचरित्र यांना स्वतंत्र विभाग आहेत. अद्भुत, गूढ आणि विज्ञानकथा यांना मात्र हरिभाऊंच्या नावाच्या विभागात वास्तवदर्शी कादंबरीशी स्पर्धा करावी लागते. याचे परिणाम मानापुरते मर्यादित नसतात. तालुक्याच्या आणि खेड्याच्या शासनमान्य ग्रंथालयांची पुस्तक खरेदी अनुदानावर आणि शासनाच्या मान्य ग्रंथयादीवर अवलंबून असते. पुरस्काराने नजरेत आलेले पुस्तक तेथे लवकर पोचते. मुग्धा कर्णिक यांनी मराठीत आणलेले टोल्किनचे 'स्वामी मुद्रिकांचा' किंवा बाळ ऊर्ध्वरेषे यांनी अनुवादिलेले 'हॅरी पॉटर आणि परीस' किनवट वा औशाच्या विद्यार्थ्याच्या हाती पडेल की नाही, आणि ते वाचून स्वतःचे मायावी जग मराठीत रचावेसे वाटणाऱ्याला त्याच भाषेत मानाची वाट दिसेल की नाही, हे अशा वरवर किरकोळ वाटणाऱ्या निर्णयांवर ठरते.

म्हणून या इतिहासातून निघणारी मागणी साधी आणि न्याय्य आहे. अद्भुतकथेला सवलत नको, तिच्या प्रकृतीला साजेशी परीक्षा हवी: लेखकाने उभारलेल्या जगाचे नियम अखेरपर्यंत पाळले गेले काय, त्या जगातील जादूची किंमत कोणाला तरी मोजावी लागते काय, आणि त्या जगातून बाहेर आल्यावर वाचकाला आपले जग वेगळ्या प्रकाशात दिसते काय. हे प्रश्न विचारू शकणारे, म्हणजे या प्रकारातील जुने-नवे साहित्य प्रत्यक्ष वाचलेले परीक्षक नेमावेत, राज्य पुरस्कारांत या कथांना स्वतंत्र विभाग मिळावा, आणि निवडीत ग्रंथालयांच्या वाचकांच्या मताला स्थान असावे. हे काम सुरू करण्याचा सर्वांत मोठा नैतिक अधिकार मराठवाड्याचा आहे, कारण अद्भुताला न वाचता नाकारल्याची सर्वांत जुनी हकीकत आणि त्याला सर्वोच्च व्यासपीठ दिल्याची अगदी अलीकडची नोंद या दोन्ही त्याच्याच भूमीवरच्या आहेत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने किंवा लातूर-उदगीरच्या साहित्यसंस्थांनी मराठी अद्भुतकथेच्या वार्षिक सन्मानाची प्रथा घातली, तर १८६१ पासून अखंड वाचल्या गेलेल्या एका परंपरेला तिचे हक्काचे परीक्षक प्रथमच लाभतील.